जात्यावरील ओव्या आणि संकलक स्त्रिया

लोकसाहित्याच्या संकलनात संकलक बाहेरचा आणि निवेदक गावातला, ही विभागणी बहुधा गृहीतच धरली जाते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुणे जिल्ह्यातील मुळशी परिसरातून उभ्या केलेल्या जात्यावरील ओव्यांच्या प्रकल्पात ती मोडली. गरीब डोंगरी संघटनेतील, स्वतः ओव्या गाणाऱ्या स्त्रियाही संकलक झाल्या. गाणारीचे नाव व गाव ओवीसोबत नोंदल्याने लाखाहून अधिक ओव्यांचा हा संग्रह निनावी ‘लोका’चा उरला नाही. कागदावर मात्र पालुपदे, ‘गं बाई’सारखी भर सहज निसटते; बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने १९९०च्या दशकात झालेल्या ध्वनिमुद्रणाचे मोल त्यातच आहे. तोवर पिठाच्या गिरण्यांनी बहुतेक जाती मुकी केली होती. आठवून गायलेली ओवी आणि दळताना सुचलेली ओवी एकच मानावी का, हा प्रश्न अभ्यासकाला टाळता येत नाही.