घरच्या घरी कूलर दुरुस्ती: एमसीबी असूनही शॉक का लागतो?

विदर्भात ऊन तापू लागले की माळ्यावरचा कूलर खाली उतरतो. ताट्या बदलणे, पंप तपासणे, उघड्या वायरला टेप गुंडाळणे ही कामे अनेकदा घरीच उरकली जातात. यातली सगळीच कामे साधी नाहीत.

धोका नेमका कुठे?
कूलरचा पंप पाण्यात बुडालेला असतो आणि बॉडी बहुतेकदा पत्र्याची. पंपाच्या वायरचे आवरण फाटले की २३० व्होल्टची वीज पाण्यातून पत्र्यात उतरते. अर्थिंग चांगले असेल तर ती जमिनीत जाते. टू-पिन प्लग लावला असेल तर अर्थिंगच उरत नाही. मग ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या माणसाच्या शरीरातून ती वाट काढते.

एमसीबी का पडत नाही?
१० अँपिअरचा एमसीबी त्याहून जास्त प्रवाहावरच पडतो. माणसाचा जीव घ्यायला ०.१ अँपिअरही पुरतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र ही गळती ओळखून क्षणार्धात वीज तोडतो.

काय करावे?
- पाणी भरतानाही आधी प्लग काढा. स्विच चुकून न्यूट्रलवर जोडलेला असेल, तर तो बंद करूनही वीज आतपर्यंत राहते.
- ताट्या बदलणे, टाकी धुणे प्लग काढून घरी करता येते. पंप, वायर, मोटरचे काम इलेक्ट्रिशियनकडेच द्या.
- कोणाला शॉक लागल्यास त्याला हात लावू नका. मेन स्विच बंद करा आणि १०८ वर फोन करा.