वणव्याचा साहेब कोण?

मेळघाटात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम. सागाची पानं गळून रानभर वाळत पडलेली, मधूनमधून कमरेएवढं गवत, तेही वाळकंच. अशात ठिणगी पडली की आग चढाकडे पळते. चढावर ज्वाळा जमिनीच्या जवळ येतात आणि वरचं गवत पेटण्याआधीच तापवून ठेवतात. उतार दहा अंशांनी वाढला की वेग जवळजवळ दुप्पट. माणूस चढावर दमतो, आग चढावर जोर धरते. चिखलदऱ्याचे डोंगर पाहिलेल्याला पुढचं सांगायला नको.

या आगीवर पन्नास माणसं धावून गेली, तर हुकूम कोणाचा चालायचा?

जंगलखात्याने याचं निम्मं उत्तर नकाशावरच लिहून ठेवलंय. सगळं रान बिटांमध्ये वाटलेलं, एका बिटाला एक वनरक्षक. काही बिटं मिळून राउंड, तिथे वनपाल. राउंड मिळून परिक्षेत्र, तिथे आरएफओ साहेब. इंग्रजांच्या अमदानीतली ही वाटणी, आणि तिला आज येऊन मिळालाय उपग्रह! सुओमी एनपीपी नावाचा उपग्रह आठशे किलोमीटरांवरून, दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास आपल्या माथ्यावरून जातो. ३७५ मीटर लांबी-रुंदीचा एखादा तुकडा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा जास्त तापलेला दिसला, की देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेत तो ठिपका बिटांच्या नकाशावर बसवला जातो आणि मोबाइलवर संदेश सुटतो. आकाशातून टिपलेली आग शेवटी एका वनरक्षकाच्या खिशात वाजते. अर्थात, टॉवर मिळाला तर. आतल्या भागात वायरलेसला पर्याय नाही.

उरलेलं निम्मं उत्तर कॅलिफोर्नियातून आलं. तिथे १९७० च्या सप्टेंबरअखेर वणवे पेटले. १३ दिवसांत १६ जीव गेले, सातशेंवर घरं-इमारती खाक झाल्या. पाठोपाठ झालेल्या चिकित्सेत निघालेलं दुखणं आपल्या ओळखीचं आहे. माणसं होती, बंबही होते. पण प्रत्येक दलाचा साहेब निराळा, वायरलेसवरचे संकेत निराळे. लग्नाच्या पंगतीत वाढपी चार आणि ‘इकडे आणा’ म्हणणारे चाळीस, तशी गत. त्यातून जी कामाची रीत घडली, ती आज जगभर पुरापासून भूकंपापर्यंत वापरतात. म्हणजे महापुराच्या बंदोबस्ताची आजची रचना मुळात वणव्यातून निघाली आहे.

तिचा एक नियम मला फार आवडतो. जबाबदारी घेऊ शकणारा जो माणूस जागेवर पहिला पोचेल, तो त्या घडीला प्रमुख. हुद्दा नंतर बघू. वरिष्ठ आला म्हणून सूत्रं आपोआप त्याच्याकडे जात नाहीत. आधीच्याने परिस्थिती समजावून सांगायची, नव्याने ‘आता मी बघतो’ म्हणायचं आणि हे सगळ्यांना कळवायचं. आपल्याकडे साहेबांची गाडी थांबली की निम्मे लोक गाडीकडे धावतात, हे आठवलं की या नियमाची किंमत कळते. शिवाय एका माणसाला एकच वरिष्ठ. एका वरिष्ठाच्या हाताखाली पाचच्या आसपास माणसं, सातांच्या वर नाहीत. आणि वायरलेसवर साधी भाषा, संकेत नाहीत.

भारतात राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्ये हीच रीत मार्गदर्शिकेत आणली. जिल्ह्याची जबाबदारी कलेक्टरवर, तालुक्यात सूत्रं तहसीलदाराकडे, आणि खाली तीन शाखा: प्रत्यक्ष काम, नियोजन, रसद.

कागदावर हे रुक्ष वाटतं. रानात नाही. ब्लोअरवाला पाला आगीच्या दिशेने उडवत पुढे जातो, मागचे हिरव्या फांद्यांनी कडा झोडपतात, त्यांच्या मागचे धुमसणारी खोडं शोधतात. इथवर जमतं. पण वणवा अंगावर येऊ लागला की कधीकधी जाळरेषेवरून, म्हणजे आधीच मोकळ्या केलेल्या पट्ट्यावरून, उलट आग लावावी लागते. मोठी आग हवा स्वतःकडे ओढते, त्या ओढीने ही धाकटी आग तिच्याकडे सरकते. दोघींची गाठ पडते तिथे जळायला काही उरत नाही. थक्क करणारी युक्ती, आणि तितकीच जिवावरची. घाईत, ओढ सुरू होण्याआधी पेटवली तर ती लावणाऱ्यांवरच उलटते. दोन आगींच्या मध्ये आपली एखादी तुकडी राहिली तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणून काडी ओढण्याचा हुकूम एकाच तोंडून यावा लागतो, आणि कोण कुठे आहे हे त्याला त्या क्षणी माहीत असावं लागतं.

पण रान ओळखणारं माणूस हुकूम देणाऱ्याजवळ हवं, आणि ते गावातच असतं. मेळघाटातल्या गावांत मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळायची जुनी रीत आहे. ती आग कधी हातातून सुटते. आणि विझवायला हंगामी मजूर म्हणून जाणारेही बहुतेक त्याच गावांतले कोरकू आदिवासी. मार्गदर्शिकेच्या तक्त्यात नियोजन शाखेत तज्ज्ञासाठी एक रकाना असतो. मेळघाटात तो आधी गावातल्या जाणत्या कोरकूच्या नावाने भरावा, असं माझं मत आहे. कुठल्या नाल्याशी आग थांबेल आणि कुठल्या घळीतून ती वर चढेल, हे सांगणारा उपग्रह अजून कोणी सोडलेला नाही.