भूतकथेचे ऑडिओबुक ऐकल्यावर झोप उडते? भीती, भास आणि आजार यांतला फरक ओळखा

दिवसभराची कामे आटोपली, घरातले सगळे झोपले, की कानात इअरफोन घालून पछाडलेल्या वाड्याची गोष्ट ऐकायची, ही आवड आता शहरापुरती राहिलेली नाही. नारायण धारप (१९२५–२००८) आणि रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांची पुस्तके पूर्वी वाचनालयातून आणावी लागत. स्टोरीटेल २०१७ मध्ये भारतात आले आणि मराठी भयकथा ऑडिओबुक म्हणून मोबाइलवर मिळू लागल्या. लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरसारख्या गावातही त्या अंथरुणात पडून ऐकता येतात.

गोष्ट संपते, पण कधी कधी भीती संपत नाही. माळ्यावर कुणी चालल्यासारखे वाटते. पहाटे जाग येते, पण हातपाय हलत नाहीत. मग सकाळी घरात कुजबुज सुरू होते, "याला बाहेरचे काही लागले तर नाही ना?" तुमच्या घरात असे घडत असेल, तर पुढील माहिती शांतपणे वाचा.

गोष्ट खोटी, मग धडधड खरी कशी?

मेंदूत अमिग्डला नावाचा बदामाच्या आकाराचा एक लहान भाग असतो. धोक्याची चाहूल लागताच तो शरीराला सावध करतो. अॅड्रेनालिन वाढते, छाती धडधडते, तळहातांना घाम येतो. धोका खरा की गोष्टीतला, हे विचार करणारा मेंदू थोडा मागाहून ठरवतो. तोवर शरीर तयार झालेले असते.

ऐकताना समोर चित्र नसते, त्यामुळे गोष्टीतले घर मन स्वतःच उभे करते, आणि बहुतेक वेळा ते आपल्याच घरासारखे असते. निरोगी माणसाची ही धडधड काही मिनिटांत शमते. मात्र झोपायच्या आधी शरीर असे सावध झाले, तर झोप लागायला उशीर होतो आणि ती वारंवार मोडते.

रात्री घरातून आवाज का येतात?

दिवसा उन्हाने तापलेले पत्रे रात्री थंड होताना आकसतात आणि कडकड वाजतात. जुन्या धाब्याच्या घरातल्या लाकडी तुळयाही करकरतात. उंदीर, मांजर, वारा हे रोजचेच. हे आवाज कालही होते, फक्त आज मेंदू त्यांच्यावर पहारा देतो आहे.

छातीवर कुणी बसल्यासारखे वाटणे

याला निद्रा पक्षाघात म्हणतात. नाव भीतिदायक असले, तरी याचा लकव्याशी काहीही संबंध नाही. स्वप्ने पडतात त्या झोपेत मेंदू हातापायांचे स्नायू सैल करून ठेवतो, म्हणजे स्वप्नातली धावपळ आपण अंथरुणात करत नाही. कधी कधी जाग आधी येते आणि स्नायू थोडे मागाहून 'जागे' होतात. तेवढ्या काळात हलता येत नाही, ओरडता येत नाही, छातीवर दाब जाणवतो आणि अर्धवट चालू असलेले स्वप्न खोलीत दिसते. त्यामुळे खोलीत कुणीतरी उभे आहे असे अगदी खरे वाटते.

हे काही सेकंद ते एक-दोन मिनिटे टिकते आणि आपोआप थांबते. श्वास चालूच असतो. साधारण १०० पैकी ८ लोकांना आयुष्यात एकदा तरी हा अनुभव येतो. अपुरी झोप, झोपेच्या बदलत्या वेळा, ताण आणि उताणे झोपणे यांमुळे तो वाढतो. रात्री दोनपर्यंत गोष्ट ऐकून पहाटे उठणाऱ्याला तो आला, तर त्याचे कारण जागरणात शोधा.

अशा वेळी फक्त बोटे हलवण्याचा प्रयत्न करा आणि श्वासाकडे लक्ष द्या. घरच्यांनी नाव घेऊन हाक मारावी, खांद्याला हलकेच हात लावावा. दिवसाही झोप आवरत नसेल किंवा हसताना अचानक गुडघ्यातले बळ जात असेल, तर तपासणी करून घ्या.

घरातल्या सगळ्यांनाच त्रास होतो आहे का?

विल्मर या अमेरिकन नेत्रतज्ज्ञाने १९२१ मध्ये एका कुटुंबाची हकिकत वैद्यकीय नियतकालिकात दिली होती. जुन्या घरात राहायला आल्यापासून सगळ्यांचे डोके दुखे, थकवा येई, पावलांचे आवाज ऐकू येत आणि खोलीत कुणी असल्याचे भासे. घर पछाडलेले वाटत होते. शेवटी कारण सापडले ते घर तापवणाऱ्या भट्टीत. ती बिघडल्यामुळे तिचा विषारी वायू खोल्यांत पसरत होता.

हा वायू म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला रंग नाही, वास नाही. थंडीत बंद खोलीत ठेवलेली कोळशाची शेगडी, खिडकी नसलेल्या न्हाणीघरातला गॅस गिझर किंवा घरात लावलेला जनरेटर यांतून तो साचतो. एकाच घरातल्या अनेकांना डोकेदुखी, मळमळ, गरगरणे होत असेल आणि घराबाहेर पडल्यावर बरे वाटत असेल, तर दारे-खिडक्या उघडा, सर्वांना बाहेर काढा आणि लगेच रुग्णालय गाठा. यात उशीर जिवावर बेततो.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

- दिवसाही, पूर्ण जागे असताना, आवाज ऐकू येतात, किंवा कुणीतरी आपल्या वाईटावर आहे असा संशय जात नाही.
- भीतीमुळे दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, जेवण, शाळा किंवा काम बिघडले आहे.
- वृद्ध माणूस एक-दोन दिवसांत अचानक बरळू लागला, नसलेली माणसे पाहू लागला. ताप, लघवीचा संसर्ग किंवा औषधांचा परिणाम असू शकतो. त्याच दिवशी दाखवा.
- रोज दारू पिणाऱ्याने ती बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत थरथर, घाम आणि भास सुरू झाले. ही तातडीची स्थिती आहे.
- छातीत दाबल्यासारखे दुखणे थांबत नाही, ते हाताकडे किंवा जबड्याकडे जाते, दरदरून घाम येतो. १०८ ला फोन करा.

"बाहेरचे" असेल असे वाटले तर?

आपल्या जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळच्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर असे रुग्ण घेऊन जाणारी कुटुंबे आहेत. तुमची श्रद्धा तुमच्यापाशी राहू द्या. पण त्यासाठी तपासणी लांबवू नका आणि सुरू असलेली औषधे थांबवू नका. मनाचे आजार लवकर उपचार मिळाल्यास अधिक चांगले आटोक्यात येतात. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करा. तेथून गरजेप्रमाणे लोणार, मेहकर किंवा बुलढाण्याच्या सरकारी रुग्णालयात पाठवले जाते. टेली मानस या १४४१६ क्रमांकाच्या मोफत सरकारी सेवेवर चोवीस तास बोलता येते.

आवड जपायची असेल तर

- भयकथा संध्याकाळी ऐका. झोपण्यापूर्वीचा एक तास मोकळा ठेवा.
- अॅपमधला स्लीप टायमर लावा. इअरफोन कानात ठेवून झोपू नका. आवाज बेताचा ठेवा.
- रात्री उशिरा चहा-कॉफी नको.
- लहान मुलांसमोर अशा गोष्टी मोठ्याने लावू नका. मूल घाबरले, तर "काय भित्रा आहेस" म्हणू नका. जवळ घ्या, आवाज कशाचा आहे ते दिवा लावून दाखवा.
- सलग काही रात्री झोप मोडत असेल, तर काही आठवडे भयकथा बंद ठेवून बघा. बहुतेकांना एवढ्याने बरे वाटते.

आणि घरातले कुणी सांगू लागले, "काल रात्री खोलीत कुणीतरी होते," तर हसू नका आणि घाबरूही नका. किती वाजता झोपलात, काय ऐकत होतात, हलता येत होते का, आणखी कुणाचे डोके दुखते आहे का, हे विचारा. उत्तरे लिहून ठेवा आणि डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या. निदानाला त्यांची मोठी मदत होते.