खाचरातली शिकार

पेण-रोह्याकडे शिकारी जनावराचा विषय निघाला की बोट फणसाडच्या रानाकडे जातं. मुरूड आणि रोहा तालुक्यांतलं हे जंगल एके काळी जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचं शिकारीचं राखीव रान होतं. 1986 मध्ये ते अभयारण्य झालं. तिथे बिबट्या आहे, सांबर आहे, भेकर आहे. पण बिबट्याची शिकार दिसायला नशीब लागतं. त्याहून कितीतरी मोठी शिकार आंबा, कुंडलिका आणि भोगावतीच्या काठच्या भातखाचरांत अख्खा पावसाळा चालते, आणि वर्षाचा तांदूळ तिच्यावर अवलंबून असतो.

भात पोटरीला आलं की बांधावर उकिडवं बसावं आणि एक चूड दोन्ही हातांनी फाकवून बघावा. पाण्याच्या जरा वर, खोडाला तपकिरी तुडतुडे चिकटलेले असतात, तांदळाच्या दाण्याहून लहान, सोंड खुपसून रस ओढणारे. त्यांच्या मागावर असतो लांडगा कोळी. हा जाळं विणत नाही. पाण्यावरून धावतो आणि झडप घालतो. दिवसाला पाच ते पंधरा तुडतुडे तो फस्त करतो. पात्यांच्या शेंड्यांत लांब जबड्याच्या कोळ्यांची जाळी असतात, पहाटेच्या दवात ती उठून दिसतात. शिवाय एक हिरवट ढेकूण तुडतुड्यांची अंडी हुडकून शोषतो.

आता फवारणी केली की काय होतं? तुडतुड्याची मादी अंडी पानाच्या आवरणाच्या आत टोचून ठेवते, तिथवर औषध पोचत नाही. कोळी मात्र उघड्यावर फिरणारा, त्याला पुरता फवारा बसतो. आठवड्याभरात अंडी फुटतात आणि पिल्लांना खाणारं खाचरात कुणी उरलेलं नसतं. तुडतुड्यांची पिढी महिन्याभरात उभी राहते, कोळ्यांची तशी नाही. मग शेतात गोल गोल चट्टे पडून भात जळाल्यासारखं वाळतं, आणि घाबरलेला शेतकरी पुन्हा पंप पाठीला लावतो.

याचं गणित शंभर वर्षांपूर्वी मांडलं गेलं, आणि तेही माशांच्या बाजारावरून. उंबेर्तो दांकोना या इटालियन जीवशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी घटली, तेव्हा तिथल्या बाजारांत मुशी-पाकटांसारख्या शिकारी माशांचा वाटा वाढला होता. त्याने हे कोडं व्हितो व्होल्तेरा या गणितज्ञापुढे ठेवलं. व्होल्तेराचं 1926 चं उत्तर असं: शिकारी आणि भक्ष्य दोघांनाही सरसकट मारत राहिलं, तर सरासरीने शिकारी घटतो आणि भक्ष्य वाढतं. जाळ्याच्या जागी कीटकनाशक ठेवा, खाचरातला प्रकार तोच. इंडोनेशियाने भाताची मोठी नासाडी सोसल्यावर 1986 मध्ये भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली, ती याच अनुभवातून.

जावा बेटावरच्या अभ्यासातून पुढची गोष्ट कळली, आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. कोळी तुडतुड्यांची वाट बघत उपाशी बसत नाहीत. लावणीनंतर चिखलातल्या कुजक्या पाल्यावर, शेणखतावर न चावणारी बारीक चिलटं वाढतात; कोळी आधी त्यांच्यावर पोसतात. कीड येते तेव्हा शिकाऱ्यांची फौज तयार असते. म्हणजे शेणखताच्या पाट्या नुसतं भात पोसत नाहीत, कोळीही पोसतात. लावणी होताच घाईने दाणेदार औषध टाकणारा शेतकरी नेमकी ही शिदोरी संपवतो.

बेडूकही किडी खाणारे शिकारीच, आणि त्यांनाही माणसानेच खाचरातून हटवलं. त्यांच्या तंगड्या भारतातून परदेशी जात, त्यासाठी ते शेतातूनच पकडले जात; 1987 मध्ये ही निर्यात बंद झाली. कापणीनंतर बांधांतल्या उंदरांमागे धामण आणि गव्हाणी घुबड असतात, आणि माणूसही. या भागातले कातकरी बिळं खणून उंदीर काढतात, उंदरांनी आत साठवलेल्या लोंब्याही काढतात. कुठलं बीळ वाहतं आणि कुठलं ओस, हे त्यांना तोंडावरूनच कळतं. पण कापणी उरकली की त्यांच्यातली कितीतरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. ते ज्ञान त्यांच्याबरोबर शिवाराबाहेर जातं, याची नोंद कुठल्याही कीडनियंत्रण पत्रकात नसते.

फवारणी कधीच करू नये, असं कुणी म्हणत नाही. चुडामागे पाच-दहा तुडतुडे दिसू लागले की सावध व्हायचं, ही कृषी शास्त्रज्ञांची शिफारस आहे. पण त्याच चुडातले कोळी आणि ढेकूणही मोजायचे. दोन किडींमागे एक शिकारी असेल, तर थांबून चार दिवसांनी पुन्हा मोजायचं. थांबणं परवडत नसेल, तर चट्टा पडलेल्या जागेपुरतं आणि बुंध्याशी फवारायचं, सबंध खाचरावर नाही.