रेषेची नेमकी कोणती बाजू?

विशेष प्रतिनिधी

मुंबई-नाशिक महामार्गावरील वडपे हे भिवंडी तालुक्यातील गाव गोदामांच्या पट्ट्यात मोडते. टेम्पोत किती खोकी चढवायची, हा इथला रोजचा हिशेब. हाच हिशेब वर्गात 'रेषीय असमानतेचा आलेख' म्हणून समोर येतो, तेव्हा हुशार मुलेही गोंधळतात. रेषा बिनचूक काढतात आणि छायांकन भलत्याच बाजूला करतात.

दहावीपर्यंत विद्यार्थी दोन चलांतील समीकरणांचे आलेख काढतात. दोन रेषा छेदतात तो बिंदू म्हणजे उत्तर, ही सवय तिथे पक्की होते. असमानतेचे उत्तर मात्र एक बिंदू नसून कागदाचा अख्खा भाग असतो. हा बदल समजावून न देता फळ्यावर थेट रेघोट्या मारल्या जातात, आणि घोटाळ्याचे मूळ बहुधा इथेच असते.

समजा, टेम्पोची क्षमता १००० किलो आहे. मोठे खोके २० किलोचे, लहान १० किलोचे. मोठी खोकी क्ष आणि लहान य मानली, तर अट होते २क्ष + य ≤ १००. वर्गात रेषा आधी काढूच नये. प्रत्येक विद्यार्थ्याला एकेक बिंदू द्यावा आणि अट तपासून आलेखावर हिरवा किंवा लाल ठिपका द्यायला सांगावे. (१०, २०) वर बेरीज ४० येते, ठिपका हिरवा. (४५, ३०) वर १२० येते, ठिपका लाल. (४०, २०) वर नेमकी १०० येते; टेम्पो काठोकाठ भरला, तरी अट मोडली नाही. असे तीस-चाळीस ठिपके पडले की हिरव्या-लालमधली सीमा मुलांना आपोआप दिसू लागते. सीमारेषा सलग का काढायची, हेही त्या तिसऱ्या बिंदूवरून कळते. चिन्ह नुसते 'पेक्षा लहान' असते, तर काठावरचे बिंदू बाद झाले असते आणि रेषा तुटक काढावी लागली असती.

'लहानचे चिन्ह असेल तर रेषेखाली रंगवा' हा शिकवण्यांमधला लाडका मंत्र घातक आहे. २क्ष − य ≤ १० घ्या. आरंभबिंदू ठेवला तर ० ≤ १०, म्हणजे अट खरी. आरंभबिंदू या रेषेच्या वरच्या अंगाला असल्याने छायांकनही वरच करावे लागते. रेषेवर नसलेला कोणताही एक बिंदू तपासणे, एवढा एकच भरवशाचा नियम आहे. रेषा आरंभबिंदूतून जात असेल तर दुसरा बिंदू घ्यावा, इतकेच.

आता जागेची अट जोडू. टेम्पोत २४० घनफूट जागा आहे. मोठे खोके ४ घनफूट, लहान ३. म्हणजे ४क्ष + ३य ≤ २४०. खोकी उणे असू शकत नाहीत. या सगळ्या अटी पाळणारा प्रदेश चौकोनी येतो आणि त्याचे कोपरे (०, ०), (५०, ०), (३०, ४०) व (०, ८०) असे असतात. मोठ्या खोक्याचे भाडे ३० रुपये आणि लहानाचे २० धरले, तर (५०, ०) वर १५००, (०, ८०) वर १६०० आणि (३०, ४०) वर सर्वाधिक १७०० रुपये मिळतात.

कोपरे तपासण्याची ही कल्पना म्हणजेच लिनिअर प्रोग्रॅमिंग. चलांची संख्या हजारांवर गेली की कागद अपुरा पडतो. त्यासाठी अमेरिकेच्या जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये कोपऱ्याकोपऱ्याने पुढे सरकणारी सिम्प्लेक्स पद्धत मांडली. आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये कडेने न जाता प्रदेशाच्या आतून वाट काढणारी रीत शोधून जगाचे लक्ष वेधले.

अभ्यासक्रमातला सांधा मात्र निखळला आहे. एनसीईआरटीने २०२२ मध्ये अकरावीच्या गणितातून दोन चलांतील असमानतांचे आलेख वगळले. बारावीत लिनिअर प्रोग्रॅमिंग आलेखानेच सोडवायचे राहिले. राज्य मंडळाच्या २०१९ च्या पुस्तकांत वाणिज्य शाखेला हा भाग अकरावीत होता, तर विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याची त्याच्याशी गाठ बारावीच्या लिनिअर प्रोग्रॅमिंगमध्येच पडत असे. परीक्षेच्या वर्षात ठिपक्यांच्या खेळाला तास कोण देणार? दहावीत समीकरणांचे आलेख शिकवताना हातात आलेख कागद असतोच. तिथे एक जादा तास पुरतो.