वीजतारांद्वारे संदेशवहन, घरगुती

घरातील दिव्यांना व उपकरणांना वीज पुरविणाऱ्या तारांमधूनच उच्च कंप्रतेचे संकेत पाठवून दूरचित्रवाणी ग्राही, संगणक इ. साधने इंटरनेटला जोडण्याची पद्धत. इंटरनेटची जोडणी बहुधा घरात एकाच ठिकाणी येते आणि दूरचित्रवाणी ग्राही दुसऱ्या खोलीत असतो. नवी तार न्यावयाची तर भिंत फोडावी लागते. बिनतारी संकेत जाड भिंती व काँक्रीटचा स्लॅब ओलांडताना दुर्बळ होतात. विजेच्या तारा मात्र प्रत्येक खोलीत आधीच पोहोचलेल्या असतात. त्यामुळे राउटरजवळच्या सॉकेटमध्ये एक व ग्राहीजवळच्या सॉकेटमध्ये दुसरा असे दोन अडॅप्टर बसविले की काम भागते.

भारतातील घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट दाबाचा व ५० हर्ट्‌झ कंप्रतेचा असतो. संकेतांची कंप्रता सु. २ ते ३० मेगाहर्ट्‌झ, म्हणजे विजेच्या कंप्रतेच्या ४० हजार ते ६ लक्ष पट असते. धारित्राचा संरोध कंप्रता वाढेल तसा घटत जातो. यामुळे अडॅप्टरमधील धारित्र विजेचा प्रवाह अडविते, संकेतांना मात्र वाट देते.

तत्त्व असे सोपे असले, तरी संदेशवहनासाठी याहून गैरसोयीचा मार्ग सापडणे कठीण. घरातील तारांना जागोजागी फाटे फुटलेले असतात आणि रिकाम्या सॉकेटपाशी मोकळ्या असलेल्या टोकावरून संकेत परावर्तित होतो. तारेतील तरंगाचा वेग सेकंदाला सु. २० कोटी मी. धरल्यास १० मेगाहर्ट्‌झच्या तरंगाची लांबी २० मी. येते. अशा तरंगाने ५ मी. लांबीच्या फाट्यात जाऊन परत येईपर्यंत अर्धी तरंगलांबी कापलेली असते. तो मूळ तरंगाच्या नेमका विरुद्ध कलेत येऊन मिळतो व त्या कंप्रतेचा संकेत जवळजवळ नाहीसा होतो. फाट्याच्या टोकाला एखादे उपकरण जोडले की हे सारे गणित बदलते. मिक्सरच्या चलित्रातील ठिणग्या, इलेक्ट्रॉनीय पंखा-नियंत्रक, एलईडी दिवे व मोबाइलचे चार्जर यांच्या गोंगाटाची त्यात भर पडते. त्यातील बराचसा गोंगाट विजेच्या प्रत्येक अर्ध्या आवर्तनाला, म्हणजे १० मिलिसेकंदांनी, पुन्हा पुन्हा उद्‌भवतो.

यावर उपाय म्हणून एका प्रबळ वाहक तरंगाऐवजी शेकडो अरुंद उपवाहक वापरतात. दोन्ही अडॅप्टर प्रत्येक उपवाहकाची स्थिती वारंवार मोजतात. ज्या कंप्रतेवर गोंगाट कमी तिच्यावर अधिक माहिती लादतात आणि निकामी कंप्रता सोडून देतात.

घरातील तारांतून आज्ञा पाठविणारी ‘एक्स १०’ ही पद्धती १९७५ मध्ये स्कॉटलंडमध्ये विकसित झाली. ती केवळ दिवे व उपकरणे चालू-बंद करण्यापुरती होती. २००० मध्ये स्थापन झालेल्या ‘होमप्लग’ या उत्पादकसंघाने २००१ मध्ये सेकंदाला १४ मेगाबिट व २००५ मध्ये २०० मेगाबिट वेगाचे मानक प्रसिद्ध केले. हे आकडे तारेवरील एकूण कच्च्या वेगाचे आहेत. दोषदुरुस्ती व नियंत्रण यांत बराच वेग खर्ची पडतो. वेष्टनावरील आकड्यावरून घरात मिळणाऱ्या वेगाचा अंदाज बांधणे म्हणूनच व्यर्थ आहे. तथापि उच्च विभेदनाच्या चित्रपटाला सेकंदाला सु. ५ मेगाबिट पुरतात आणि ग्राही काही सेकंदांची चित्रे आगाऊ साठवून ठेवतो. क्षणिक व्यत्यय त्यामुळे पडद्यावर सहसा दिसत नाही.

हीच युक्ती घराबाहेरच्या वीजवाहिन्यांवर फारशी फलद्रूप झाली नाही. मँचेस्टर येथे १९९७ मध्ये गाजावाजा झालेला प्रयोग १९९९ मध्ये सोडून देण्यात आला. अमेरिकेतील मॅनॅसस शहराची २००५ मध्ये सुरू झालेली सेवा २०१० मध्ये बंद पडली. वितरण रोहित्रातून उच्च कंप्रतेचे संकेत नीट पार होत नाहीत. अमेरिकेत एकेका रोहित्रावर मोजकीच घरे असल्याने त्याला वळसा घालण्याचा खर्च परवडत नाही. शिवाय कवच नसलेली तार आकाशकासारखी (अँटेनासारखी) वागते आणि याच कंप्रतांवर हौशी रेडिओचालक, जहाजे व विमाने यांचे संदेशवहन चालते. अमेरिकेतील हौशी चालकांच्या संघटनेने या सेवेविषयीच्या २००४ च्या सरकारी नियमांना न्यायालयात आव्हान दिले. आयोगाने आपले तांत्रिक अभ्यास पूर्णपणे उघड केले नव्हते, या कारणावरून २००८ मध्ये नियमांचा काही भाग फेरविचारासाठी परत पाठविला गेला. घरगुती अडॅप्टर हौशी रेडिओचे कंप्रतापट्ट मुद्दाम रिकामे ठेवतात.

संकेत विजेच्या मीटरपाशी थांबतीलच असे नाही. सदनिकांच्या इमारतीत ते शेजाऱ्याच्या तारांतही उतरू शकतात. म्हणून माहिती सांकेतिक रूपात पाठवितात. कारखान्यात घातलेली सांकेतिक किल्ली सर्व नगांना समान असू शकते, त्यामुळे ती बदलणे आवश्यक असते. पुष्कळ अडॅप्टरांवर यासाठी एक बटण असते. अडॅप्टर भिंतीतील सॉकेटमध्येच लावावा लागतो. दाबवाढीपासून संरक्षण करणाऱ्या जोडफळीतील छानक संकेत गिळून टाकतात. त्रिकला पुरवठा असलेल्या घरात दोन्ही सॉकेट वेगवेगळ्या कलांवर असतील, तर वेग बराच घटतो, आणि एक सॉकेट इन्व्हर्टरच्या स्वतंत्र मंडलावर असेल, तर संकेत पोहोचेलच असे सांगता येत नाही.