राहत्या घरात मालाचा साठा : स्लॅबची ताकद आधी पाहा

भिवंडी, मालेगाव, मुंब्रा यांसारख्या गावांत घर आणि धंदा एकाच छपराखाली असणे नवे नाही. पुढे दुकान, मागे बिऱ्हाड आणि वरच्या खोलीत माल. भाडे वाचते, माल नजरेसमोर राहतो. परंतु राहण्यासाठी बांधलेला स्लॅब गोदामाचे ओझे पेलेल काय, हा प्रश्न फार थोडे जण विचारतात.

भारतीय मानक ८७५ प्रमाणे राहत्या खोलीचा स्लॅब दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरून बांधतात. म्हणजे दहा बाय दहा फुटांच्या खोलीत माणसे, कपाटे, सामान सर्व मिळून साधारण १८५० किलो. ५० किलोच्या पोत्यांचा हिशेब केला तर अवघी ३७ पोती! साठवणीच्या खोलीसाठी हेच मानक किमान ७५० किलो धरते, म्हणजे जवळजवळ चौपट. कापडाचे तागे किंवा सुताची पोती छतापर्यंत रचताना हा फरक ध्यानात ठेवावा. गच्चीवर हजार लिटरची नवी टाकी बसवली तर नुसत्या पाण्याचेच एक टन वजन वाढते.

माल ठेवायचाच असेल तर तळमजल्यावर ठेवावा. हादरे देणारी यंत्रेही तेथेच बसवावीत. दुकान मोठे करण्यासाठी कॉलम किंवा बीम तासू नये. भिंत पाडण्यापूर्वीही इंजिनिअरला विचारावे. छताचे पोपडे पडून गंजलेल्या सळया दिसू लागल्या, तर नुसता गिलावा करून भागत नाही.

भिवंडीच्या पटेल कंपाऊंडमधील जिलानी इमारत २१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे कोसळली. लोक झोपेत होते. अनेक कुटुंबे ढिगाऱ्याखाली गेली. इमारत १९८४ सालची, म्हणजे छत्तीस वर्षांची होती. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे तीस वर्षे झालेल्या इमारतीची तपासणी नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घेणे मालकावर किंवा राहणाऱ्यावर बंधनकारक आहे. महापालिकेच्या नोटिशीची वाट पाहत बसू नये.

मालाच्या खोलीतील वायरिंगही तपासून घ्यावे. चांगले अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. असावा. जिन्यात गठ्ठे ठेवू नयेत. आग लागली तर बाहेर पडण्याची तीच एक वाट असते.

इंजिनिअरची फी जड वाटते खरी. पण वरच्या खोलीत माल असतो आणि खाली मुले झोपलेली असतात, हे धंद्याच्या हिशेबात धरले पाहिजे.